कर्नलमधला मेमरी बग दुरुस्त करणे

ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्येच, म्हणजे तिच्या गाभ्यातच, मेमरीचा हिशोब चुकला, म्हणजे घेतलेली मेमरी परत केली नाही, परत केलेली पुन्हा वापरली किंवा एकच तुकडा दोनदा परत केला, तर ती चूक शोधून निस्तरण्याचं हे काम. साधा प्रोग्राम मेला तर कर्नल त्याची मेमरी काढून घेतं, पण कर्नलच्या वर कोणीच नाही, त्यामुळे तिथली गळती रीबूट होईपर्यंत तशीच राहते.

सगळ्यात त्रासदायक प्रकार यूज आफ्टर फ्री, म्हणजे परत केलेली मेमरी पुन्हा वापरणं. बजाजनगरात एखाद्या पोराने भाड्याची खोली सोडली, मालकाने ती दुसऱ्याला दिली, आणि पहिला जवळ राहिलेल्या किल्लीने येऊन सामान उलटंपालटं करून गेला, तर बोंब कोण मारणार? नवा भाडेकरू. कर्नलच्या ऊप्समध्ये, म्हणजे चूक झाल्यावर तो छापतो त्या रिपोर्टमध्येही, बहुतेकदा त्याचंच नाव येतं, किल्लीवाल्याचं नाही, म्हणून क्रॅश झाला त्याच ओळीवर नल चेक (पत्ता रिकामा तर नाही ना, ही तपासणी) टाकून मोकळं होणं ही दुरुस्ती नव्हेच. लिनक्समध्ये स्लब डीबग ही मेमरी तपासण्याची सोय चालू केली की मोकळा तुकडा ६बी (हेक्स आकडा) या बाइटने भरला जातो, शेवटचा बाइट ए५. डम्पमध्ये, म्हणजे छापलेल्या मेमरीत, ६बी ६बी ६बी अशा ओळी आणि मध्येच ०० दिसलं, की सोडलेल्या खोलीत कोणीतरी शिरलं होतं. २०१५ च्या ४.० व्हर्जनपासून केसॅन हे मेमरीच्या चुका पकडणारं साधन आहे, ते चुकीच्या वाचण्या-लिहिण्याच्या क्षणीच पकडतं, फक्त दर ८ बाइटमागे १ बाइट स्वतःला घेतं.

गळतीचं वेगळं. नागपुरात एका ऑफिसात आमचं टेस्ट मशीन मे महिन्यात दर तीन-चार दिवसांनी अडकायचं, सगळे म्हणून राहिले होते की ४५ डिग्रीत अजून काय होणार, कूलर लावा, पण कर्नलची मेमरी कुठे किती गेली ते दाखवणारं स्लॅबटॉप उघडलं तर केमॅलॉक-२५६ ची (२५६ बाइटच्या तुकड्यांची) एकच ओळ रोज वाढून राहिली होती, आणि उन्हाने असं एकाच ओळीत वाढत नसतं. केमेमलीक या गळती शोधणाऱ्या साधनाने स्कॅन केल्यावर मेमरी कुठल्या फंक्शनने घेतली ते कळलं. एरर आल्यावर तिथे सरळ रिटर्न होतं, मेमरी परत करणाऱ्या केफ्रीच्या लेबलवर गोटू (उडी) हवं होतं. शोधायला नऊ दिवस, दुरुस्ती एका ओळीची.

कधी दुरुस्तीच टिकत नाही. डर्टी काऊ हा कॉपी-ऑन-राइटमधला (लिहिताना आधी वेगळी प्रत करण्याच्या पद्धतीतला) रेसचा, म्हणजे दोन कामांच्या वेळेच्या शर्यतीचा बग, साध्या युजरला रीड-ओन्ली फाइलवर लिहून रूट, म्हणजे मशीनचा मालक, होता यायचं. चूक मुळात त्याहून जुनी, पण २००७ च्या २.६.२२ पासून तिचा असा वापर होऊ शकत होता, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ती गेली. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सने पॅचसोबत (दुरुस्तीच्या बदलासोबत) स्वतःच लिहिलं की आपण अकरा वर्षांपूर्वी हे दुरुस्त करायला गेलो होतो, नीट जमलं नाही, आणि एस३९० (आयबीएमचे मोठे मेनफ्रेम) वर अडचण आल्याने ते मागे घ्यावं लागलं. इतक्या स्पष्ट शब्दांत लिहिलेलं असलं की पुढच्या माणसाला खरंच मदत होते.

पॅचमध्ये फिक्सेस म्हणून मूळ चुकीच्या कमिटचा (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाचा) नंबर देतात, त्यावरून जुन्या स्टेबल कर्नलमध्येही तो घेता येतो. आमच्या मशीनवर पॅच टाकून तोच एरर रात्रभर मुद्दाम पुन्हा पुन्हा आणला, सकाळी ती ओळ जागची हलली नव्हती, मग कुठे पॅच पाठवला.