डिस्क शाबूत, तरी विंडोज उठेना

बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये, जाऊन एकच ओळ बदललेली असते. डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं हे ठरवणाऱ्या ‘साटा मोड’समोर ‘आयडीई’ होतं, तिथे ‘एएचसीआय’ केलं, कारण त्याने एसएसडी जास्त जोमाने चालते असं कुठेतरी वाचलेलं. सेव्ह करून बाहेर पडलं की ठिपके दोन-चारदा गोल फिरतात आणि निळा (नव्या विंडोज ११मध्ये काळा) स्क्रीन येतो: ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. विंडोज ७मध्ये तर एवढं नावही मिळायचं नाही, नुसता ‘७बी’ने संपणारा आकडा. पोटात गोळा येतो, डिस्क गेली असं वाटतं आणि घाबरलेला माणूस फॉरमॅट करायला निघतो.

जरा थांबा. डिस्कवरचा एक बाइटसुद्धा हललेला नाही. ती सापडत नाही असं म्हणणारं विंडोज आत्ताच, अर्ध्या मिनिटापूर्वी, त्याच डिस्कवरून वर आलं होतं. मग मधल्या मधे झालं काय?

कॉम्प्युटर सुरू होताना डिस्क वाचायचं काम आधी बायोस, म्हणजे आजच्या मशीनमध्ये यूईएफआय, करतं. त्याच्याकडे स्वतःची वाचायची सोय असते. त्याच्याच मदतीने बूटलोडर, म्हणजे विंडोजला उठवणारा छोटा प्रोग्रॅम, विंडोजचा कर्नल (त्याचा गाभा) आणि निवडक ड्रायव्हर (हार्डवेअरशी बोलणारे प्रोग्रॅम) मेमरीत आणून ठेवतो. त्यानंतर कर्नल सूत्रं हाती घेतो आणि बायोसचं बोट सुटतं. इथून पुढे डिस्कशी बोलायचं ते स्वतःच्या ड्रायव्हरमार्फत. नेमका तोच सोबत आलेला नसेल तर पंचाईत होते: ड्रायव्हर डिस्कवर पडलेला आणि डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा. कपाटाची किल्ली कपाटातच राहिली!

तो सोबत का येत नाही, याचं उत्तर विंडोजच्या काटकसरीत आहे. इन्स्टॉल होताना डिस्क सांभाळणारा जो कंट्रोलर दिसतो, त्याचाच ड्रायव्हर सुरुवातीलाच उचलायच्या यादीत राहतो. बाकीचे डिस्कवर असतात, पण झोपलेले. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, प्रत्येकापुढे ‘स्टार्ट’ नावाची किंमत असते: ० म्हणजे बूट होतानाच उचल, ३ म्हणजे गरज पडली तर बघू. विंडोज ७मध्ये ‘एमएसएएचसीआय’ या एएचसीआयच्या ड्रायव्हरपुढचा ३ खोडून ० केला की प्रश्न मिटायचा. विंडोज ८पासून हा ड्रायव्हर ‘स्टोरएएचसीआय’ झाला आणि मामला थोडा गुंतागुंतीचा झाला. आता रजिस्ट्रीत हात घालण्यापेक्षा सेफ मोडची, म्हणजे अडचणीच्या वेळी विंडोज उठवायच्या खास पद्धतीची, वाट बरी.

मुळात हे दोन मोड आहेत तरी कशाला? आयडीई ही १९८०च्या दशकातली पद्धत. एक हुकूम सोडायचा, तो पुरा होईपर्यंत थांबायचं, मग दुसरा. इंटेलच्या पुढाकाराने २००४च्या सुमारास आलेल्या एएचसीआयमध्ये एका पोर्टवर ३२ हुकमांची रांग लावता येते आणि डिस्क त्यांचा क्रम स्वतः ठरवते, पोस्टमन पत्रं गल्लीवार लावून घेतो तशी. म्हणजे मोड बदलायची इच्छा चुकीची नव्हती. विंडोजला आधी सांगायचं राहिलं, एवढंच.

आता उपाय. पहिला अगदी साधा, पण घाबरल्यावर तोच आठवत नाही: सेटिंग होतं तसं करा. विंडोज मुकाट्याने उठेल. मग ‘एमएसकॉन्फिग’ ही विंडोजमधलीच सोय उघडून ‘बूट’ टॅबमध्ये ‘सेफ बूट’वर टिक करा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा आणि तिथे एएचसीआय निवडा. सेफ मोडमध्ये विंडोज ही काटकसर सोडून स्टोरेजचे झोपलेले ड्रायव्हरही उठवतं. योग्य त्याची कंट्रोलरशी गाठ पडते आणि तो यादीत जातो. टिक काढून पुन्हा रीस्टार्ट केलं की झालं. सेफ मोडमध्ये कधीकधी पिन चालत नाही, तेव्हा खात्याचा पासवर्ड माहीत असू द्या.

दोन ठिकाणी मात्र जपून. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर बायोसमधल्या बदलानंतर तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती आधीच कागदावर उतरवा. आणि खरोखरच दोन-तीन डिस्क जोडून एकीसारख्या चालवायची ‘रेड’ मांडणी केलेली असेल, तर त्या सेटिंगला हात लावू नका. अलीकडच्या इंटेल लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई (साटाऐवजी वेगळ्या जोडणीची, वेगवान) डिस्क बऱ्याचदा ‘व्हीएमडी’ नावाच्या इंटेलच्या कंट्रोलरच्या पडद्याआड असते. तो चालू-बंद केला तरी हाच स्क्रीन भेटतो आणि इलाजही साधारण हाच.

गंमत म्हणजे, कोणी काही न बदलताही हे घडू शकतं. माझ्या जुन्या डेस्कटॉपने एका सकाळी ‘७बी’ दाखवला. आदल्या रात्री तो व्यवस्थित बंद केला होता, बायोस महिनोन्‌महिने उघडलं नव्हतं. केबल काढून बघितल्या, डिस्क दुसऱ्या मशीनला लावून बघितली, सगळं ठणठणीत. शेवटी बायोसमध्ये शिरलो तेव्हा कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं. तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. घड्याळ आणि बायोसची सेटिंग जपणारा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता, सगळी सेटिंग कारखान्यातून आली तशी झाली होती आणि साटा मोड गुपचूप आयडीईवर जाऊन बसला होता. सेल बदलला, मोड एएचसीआय केला, तारीख लावली. पुढच्याच बूटला डेस्कटॉप समोर आला.