नोएडाच्या वर्गातून 'मिमी'पर्यंत : क्रिती सेननच्या वाटेची पार्श्वभूमी

मे २०११मध्ये ५८वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान 'मला आई व्हायचंय!'ला मिळाला. समृद्धी पोरे या पेशाने वकील असलेल्या दिग्दर्शिकेचा हा चित्रपट. गरिबीपायी परदेशी बाईचं मूल पोटात वाढवणारी गावाकडची यशोदा त्यात उर्मिला कानेटकरने उभी केली होती. मूल नको म्हणून ती परदेशी बाई पाठ फिरवते आणि यशोदा त्याला आपलं म्हणून वाढवते. त्या वेळी दिल्लीची क्रिती सेनन वीस वर्षांची होती आणि सिनेमाशी तिचा काहीही संबंध नव्हता. पुढे हीच गोष्ट हिंदीत 'मिमी' म्हणून आली आणि तिने क्रितीला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. 'इंजिनिअर मुलगी हिरोईन झाली' या दोन ओळींच्या बातमीत हा धागा कुठेच येत नाही, म्हणून त्या वाटेची पार्श्वभूमी जरा सविस्तर मांडावीशी वाटली.

क्रितीचा जन्म २७ जुलै १९९०चा. वडील चार्टर्ड अकाउंटंट, आई दिल्ली विद्यापीठात प्राध्यापक. शाळा आर. के. पुरमची दिल्ली पब्लिक स्कूल. अशा घरात बारावीनंतर काय, हा प्रश्न फारसा चर्चेला येतच नाही. आपल्याकडे १९८३मध्ये वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हापासून सांगलीपासून अमरावतीपर्यंत मध्यमवर्गाने हेच अनुभवलं. गणित बरं असलं की पोर इंजिनिअर. दिल्लीच्या आसपास खाजगी महाविद्यालयांची मोठी लाट नंतर आली. नोएडाच्या सेक्टर ६२मधली जेपी इन्स्टिट्यूट ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी ही २००१ची. क्रितीने तिथूनच इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशनमध्ये बी.टेक. केलं.

दुसऱ्या पेशातून अभिनयात आलेली माणसं मराठी प्रेक्षकाला नवी नाहीत. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, डॉ. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, आणि अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात नोकरीला. पण ही मंडळी आली ती नाटकाच्या तालमीतून. दिवसा पेशा आणि संध्याकाळी तालीम, अशी वर्षं काढून त्यांनी अभिनय कमावला होता. २०१०नंतर हिंदीत आलेल्या इंजिनिअर पिढीची कथा सरसकट तशी नाही. विकी कौशल मुंबईत इंजिनिअरिंग करून रंगभूमीकडे वळला खरा. कार्तिक आर्यनने मात्र सिनेमाजवळ राहता यावं म्हणून ग्वाल्हेरहून नवी मुंबईतलं इंजिनिअरिंग कॉलेज गाठलं. तापसी पन्नूने दिल्लीत कॉम्प्युटर सायन्स केलं, काही काळ सॉफ्टवेअरची नोकरी केली आणि मॉडेलिंगमार्गे सिनेमा गाठला. क्रितीची वाट तापसीच्या वाटेला सगळ्यात जवळची आहे. तालीम नाही, गुरू नाही, घरात सिनेमाचं कुणी नाही. हाताशी होते फक्त कॅमेऱ्यासमोर उभं राहून मिळालेले धडे.

मॉडेलिंगमधून सिनेमात येण्याची वाट तशी जुनी. झीनत अमान १९७०मध्ये मिस एशिया पॅसिफिक झाली, जुही चावला १९८४ची मिस इंडिया, आणि १९९४मध्ये सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांच्या मुकुटांनी या वाटेचा हमरस्ता केला. ऐश्वर्याने मुंबईच्या रचना संसदमधलं आर्किटेक्चरचं शिक्षण त्यासाठी अर्धवट सोडलं होतं. आपल्या मुलीही याच वाटेवर होत्या. नम्रता शिरोडकर १९९३ची मिस इंडिया, आणि सोनाली बेंद्रेचाही प्रवास मॉडेलिंगमधूनच सुरू झाला. क्रितीच्या डोक्यावर मात्र मुकुट नव्हता. ती आली जाहिराती आणि रॅम्प शो करत. मुकुटवाल्या मुलीला निर्माते शोधत येतात, जाहिरातीतल्या मुलीला पोर्टफोलिओ घेऊन ऑडिशनला रांग लावावी लागते आणि नकार पचवावा लागतो. तीस सेकंदांत चेहऱ्यावर एकच भाव नेमका आणणं, दिव्याची जागा ओळखणं, विसाव्या टेकलाही पहिल्यासारखं हसणं, हे सगळं ती तिथे शिकते. ती शिदोरी खरी आहे, पण तेवढ्यावर दोन तासांची भूमिका निघत नाही.

पहिल्या रॅम्प शोची आठवण क्रितीने मुलाखतींत सांगितली आहे. हिरवळीवर टाचांचे बूट रुतले, चालण्याचा क्रम चुकला आणि कोरिओग्राफरने सगळ्या मॉडेल्ससमोर तिला झापलं. परतताना रिक्षात तिला रडू आवरलं नाही. घरच्यांची भूमिका मला फार ओळखीची वाटते. सिनेमाला नकार नव्हता, पण हाताशी दुसरी सोय हवी होती. म्हणून डिग्री पूर्ण झाली आणि परदेशातल्या एमबीएसाठी लागणारी जीमॅटची परीक्षाही देऊन झाली. डिग्री वाया गेली, असं अशा मुलींबद्दल सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. त्या कागदाने तिला वेळ मिळवून दिला. पडलो तर उठायला जागा आहे हे ठाऊक असलेली मुलगी चुकीच्या कामाला नाही म्हणू शकते, आणि मुंबईत एकटं राहण्यासाठी घरातून परवानगी निघते ती याच कागदाच्या भरवशावर.

पहिलं दार उघडलं ते मात्र मुंबईत नाही, हैदराबादेत. सुकुमार दिग्दर्शित 'वन : नेनोक्कडिने' हा तिचा पहिला चित्रपट १० जानेवारी २०१४ला लागला. नायक होता महेश बाबू, म्हणजे आपल्या नम्रता शिरोडकरचा नवरा. तेलुगू न येणाऱ्या दिल्लीच्या मुलीला तेलुगूत पहिलं काम कसं मिळतं, याचं उत्तर त्या सिनेमाच्या कामाच्या पद्धतीत आहे. तिथे नायिकेचा आवाज बहुधा दुसऱ्याच डबिंग कलाकाराचा असतो. सेटवर संवाद ओठांना जुळेल इतपत म्हटले की भागतं. वाक्य कानावर टाकायला माणूस असतो, नटी ते देवनागरीत किंवा रोमन लिपीत लिहून पाठ करते. साहजिकच भाषेची अट गळून पडते आणि उरतात चेहरा, उंची, नाच आणि कॅमेऱ्याची सवय. मॉडेलिंगमध्ये घडलेल्या मुलीजवळ नेमकं हेच असतं. २००१मध्ये सोनाली बेंद्रे 'मुरारी'त महेश बाबूसमोर उभी राहिली ती याच पद्धतीमुळे, आणि २०१०मध्ये तापसीचं पदार्पणही तेलुगूतच झालं. या पद्धतीने अनेकींना पहिली संधी दिली, हे मान्य. पण बोलण्यातून पात्र घडवण्याचा अभिनयातला अर्धा भाग तिने काढूनही घेतला. ज्या मुलीने नाटक केलेलं नाही, तिच्यासाठी हा तोटा मोठा आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात सब्बीर खान दिग्दर्शित 'हीरोपंती' आला. टायगर श्रॉफचा तो पहिला चित्रपट, आणि क्रितीचा हिंदीतला पहिला. पदार्पणाचा फिल्मफेअर तिला मिळाला. पुढची तीन वर्षं ती मोठ्या चित्रपटांत दिसली खरी, पण लक्षात राहावी अशी भूमिका त्यांत नव्हती. शाहरुख-काजोलच्या 'दिलवाले'त ती दुसऱ्या जोडीतली नायिका. २०१७च्या 'राबता'त सोबत सुशांतसिंह राजपूत होता. दिल्ली कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग अर्धवट सोडून आलेला तो आणि डिग्री घेऊन आलेली ही. चित्रपट चालला नाही.

ऑगस्ट २०१७मध्ये 'बरेली की बर्फी' आला, आणि माझ्या मते अभिनेत्री म्हणून तिची सुरुवात इथे झाली. अश्विनी अय्यर तिवारीच्या या चित्रपटातली बिट्टी मिश्रा वीज खात्याच्या तक्रार विभागात काम करते, चोरून सिगारेट ओढते आणि लग्नाच्या बाजारात सारखी नापास होते. मॉडेलसारखी चाल इथे उपयोगाची नव्हती. बोलीचा हेल पकडायचा होता, खांदे पाडून बसायचं होतं, वडिलांशी बरोबरीने गप्पा मारायच्या होत्या. क्रितीने ते केलं.

इथून पुढे तिच्या वाटेवर मराठी माणसं भेटत जातात. २०१९च्या मार्चमधला 'लुका छुपी' लक्ष्मण उतेकरांचा. 'इंग्लिश विंग्लिश' आणि 'डिअर जिंदगी'चं छायाचित्रण करणारे, मराठीत 'टपाल' आणि 'लालबागची राणी' दिग्दर्शित करणारे हेच उतेकर. लग्नाआधी एकत्र राहू पाहणाऱ्या मथुरेच्या जोडप्याची ही कथा, आणि त्या जोडीत कार्तिक व क्रिती असे दोन इंजिनिअर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आशुतोष गोवारीकरांच्या 'पानिपत'मध्ये ती पार्वतीबाई झाली. सदाशिवरावभाऊंचा मृत्यू अखेरपर्यंत न मानणारी ही बाई मराठी मनात फार खोल रुतलेली आहे. चित्रपटाबद्दल अनेकांच्या तक्रारी होत्या, माझ्याही आहेत. पण नऊवारीतल्या तिच्या वावरात आणि बोलण्यात अदब होती, आणि पानिपत आपलं वाटणाऱ्या लोकांसमोर ते दुःख उभं करणं दिल्लीकर मुलीसाठी सोपं नव्हतं.

आणि मग 'मिमी'. 'मला आई व्हायचंय!'ची गोष्ट आधी तेलुगूत गेली होती. सिंगीतम श्रीनिवास राव यांनी २०१३मध्ये त्यावर 'वेलकम ओबामा' केला. उतेकरांनी ती हिंदीत आणताना नायिका बदलली. यशोदेच्या जागी राजस्थानातली एक नाचणारी मुलगी आली. मुंबईत जाऊन हिरोईन होण्याचं तिचं स्वप्न आहे, त्यासाठी पैसे हवेत, म्हणून ती अमेरिकन जोडप्याचं मूल पोटात वाढवायला तयार होते. बाळाला डाऊन सिंड्रोम असल्याचं कळताच जोडपं निघून जातं. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. मूळ गोष्टीतली गरज पोटाची होती, इथे ती स्वप्नाचीही झाली. पोर्टफोलिओ घेऊन फिरणाऱ्या मुलीचं मन काय असतं, हे क्रितीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गोष्ट २०१३मध्ये घडते, त्यामागे कायदा आहे. २०००नंतर भारतात व्यावसायिक सरोगसी, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्याचं मूल पोटात वाढवणं, वाढत गेली आणि गुजरातमधलं आणंद तर त्यासाठी जगभर ओळखलं जाऊ लागलं. २०१५मध्ये परदेशी जोडप्यांसाठी ही सोय बंद झाली. डिसेंबर २०२१मध्ये संसदेने सरोगसी नियमन कायदा संमत केला आणि अशा पैशांच्या व्यवहारावर बंदी आली. म्हणजे 'मिमी' प्रदर्शित झाला त्याच वर्षी मिमीच्या व्यवहाराला कायद्याने पूर्णविराम मिळाला. समृद्धी पोरेंनी हा विषय घेतला तेव्हा असा कायदाच नव्हता. एका वकील बाईला या विषयावर चित्रपट करावासा वाटला, याचं मोल आज जास्त कळतं.

गरोदरपणाच्या दृश्यांसाठी क्रितीने पंधरा किलो वजन वाढवलं. ज्या व्यवसायातून ती आली, तिथे वजनाचा काटा हाच मुकादम असतो, त्यामुळे या पंधरा किलोंकडे मी निव्वळ प्रसिद्धीची बातमी म्हणून पाहत नाही. बाळ नको असं सांगून ती माणसं निघून जातात, त्या प्रसंगात तिचा आवाज फाटतो, चेहरा वेडावाकडा होतो आणि तो सुंदर दिसावा याची तिला पर्वा उरत नाही. शेजारी होती सांगलीची सई ताम्हणकर, मिमीची मैत्रीण शमा म्हणून. दोघींची दृश्यं पाहताना कोण हिंदीतली आणि कोण मराठीतली, हे मनातही येत नाही.

चित्रपट ३० जुलै २०२१ला येणार होता. तो आधीच इंटरनेटवर फुटला, म्हणून २६ जुलैलाच ओटीटीवर आणावा लागला, क्रितीच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. क्रिती, सई आणि पंकज त्रिपाठी या तिघांनाही त्यासाठी फिल्मफेअर मिळाले. ऑगस्ट २०२३मध्ये ६९वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार 'गंगूबाई काठियावाडी'साठी आलिया भट आणि 'मिमी'साठी क्रिती यांना विभागून मिळाला. महेश भट यांच्या घरातली मुलगी आणि नोएडातून बी.टेक. झालेली मुलगी एकाच ओळीत आल्या. एकाच गोष्टीने मराठीत आणि हिंदीत, बारा वर्षांच्या अंतराने, राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. सत्काराच्या बातम्यांत समृद्धी पोरेंचं नाव ठळकपणे यायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

त्यानंतरचं थोडक्यात. ओम राऊत यांच्या 'आदिपुरुष'मधली जानकी संवाद आणि दृश्यपरिणामांवरच्या टीकेत बुडून गेली. फेब्रुवारी २०२४च्या 'तेरी बातों में ऐसा उलझा जिया'त इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली क्रिती सिफ्रा नावाची यंत्रमानव झाली आणि पापणी कधी लववायची, मान किती अंशात वळवायची, याचा तिने काटेकोर हिशेब ठेवलेला दिसतो. ब्लू बटरफ्लाय फिल्म्स ही स्वतःची निर्मिती संस्था तिने २०२३मध्ये उभी केली. संस्थेचा पहिला चित्रपट 'दो पत्ती' ऑक्टोबर २०२४मध्ये नेटफ्लिक्सवर आला. जुळ्या बहिणींची दुहेरी भूमिका तिने त्यासाठी घेतली, आणि विषय निवडला घरातल्या मारहाणीचा.