तापमापकाची पडताळणी (घरगुती किण्वन)

किण्वनासाठी घरात वापरल्या जाणाऱ्या तापमापकाचे वाचन एखाद्या ज्ञात तापमानाशी ताडून त्यातील चूक ठरवण्याची रीत. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 अन्वये परवान्याशिवाय मद्य बनवणे गुन्हा आहे; त्यामुळे ठाणे व नवी मुंबईतील घरांत ही रीत कोंबुचा (आंबवलेला चहा), व्हिनेगर, दही अशा पदार्थांपुरतीच उरते. माल्टसंबंधीचे (मोड आणून वाळवलेल्या धान्याविषयीचे) तपशील परवानाधारक बियरनिर्मितीचे समजावेत. माल्टमधील स्टार्चची साखर होताना 62 ते 65° से.ला एक विकर (एन्झाइम) जोमात असते, तर 70° से.च्या आसपास दुसरे. त्यामुळे दोन-तीन अंशांच्या चुकीने पेयाचा गोडवा व दाटपणा बदलतो. दह्याला एवढी काटेकोर गरज नाही. तेथे बोट पुरते.

बियरनिर्मितीत तापमापक प्रथम कोणी आणला, याविषयी एकवाक्यता नाही. त्यावर पहिले पद्धतशीर लेखन 1758 मध्ये मायकेल कॉम्ब्रून या लंडनच्या व्यावसायिकाने केले, असे सामान्यतः मानतात. प्रत्यक्ष वापर त्याआधीही तुरळक होत असावा.

त्याहून गुंतागुंतीचा प्रश्न मापश्रेणीचा. स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ आंद्रेस सेल्सिअसने 1742 मध्ये मांडलेल्या श्रेणीत पाणी उकळण्याचा बिंदू 0 आणि बर्फाचा 100 होता. आजची उलटी मांडणी कोणाची? लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव वारंवार घेतले जाते. उप्साला येथे सेल्सिअसच्या जागी आलेला स्ट्रोमर आणि उपकरणे घडवणारा एक्स्ट्रोम यांनाही श्रेय देतात. फ्रान्समधील लियाँ येथे क्रिस्टँ याने 1743 मध्येच सुलट शतांश श्रेणी वापरली होती. सेल्सिअस 1744 मध्ये वारला. एकट्या लिनियसला श्रेय देण्याइतका पुरावा भक्कम वाटत नाही. स्वीडनमधील बदल अनेक हातांनी झाला, हे मत अधिक ग्राह्य ठरते. बर्फाचा व उकळण्याचा हे दोन बिंदूच आजही घरगुती पडताळणीचा आधार आहेत.

हिमबिंदूसाठी फिल्टरच्या पाण्याचा बर्फ मिक्सरमध्ये फोडून थर्मासमध्ये गच्च भरतात व फटी भरतील इतकेच थंड पाणी ओततात. पाण्यात चार खडे तरंगत ठेवणे ही नेहमीची चूक: 4° से.चे पाणी सर्वांत जड असल्याने तळाशी बसते आणि दांडी नेमकी तेथेच पोचते. मासळीबाजारातील लादीचा चुरा टाळावा. मिठाचा अंश असल्यास बिंदू शून्याखाली जातो. दांडी तळाला वा काठाला न टेकवता ढवळत दोन-तीन मिनिटांनी, आकडा स्थिरावल्यावर वाचन घ्यावे.

उत्कलनबिंदू मात्र हवेच्या दाबाप्रमाणे हलतो. 1777 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या समितीने उकळत्या पाण्याऐवजी त्यावरील वाफेत तापमापक धरण्याची शिफारस केली, कारण पाणी उकळबिंदूच्या वरही तापू शकते. 1013.25 हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचे एकक) दाबाला हा बिंदू जवळजवळ 100° से. असतो व दर 10 हेक्टोपास्कलमागे सुमारे 0.28° से.ने उतरतो. ठाणे व नवी मुंबईचा बराच भाग समुद्रसपाटीलगत असल्याने उंचीची दुरुस्ती लागत नाही, असे मानण्याची प्रथा आहे. ती अर्धीच खरी. जुलैत येथील दाब साधारण 1000 ते 1005 हेक्टोपास्कल असतो, म्हणजे पाणी 99.7° से.च्या जवळपास उकळते. घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या इमारतीच्या तिसाव्या मजल्यावर (सुमारे 90 मी.) आणखी 0.3° से. वजा करावे लागतात. हवामान खात्याचा दाब बहुधा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे.

दोन्ही बिंदूंवरील चूक कळल्यावर मधली चूक काढतात. बर्फात 0.4 व 99.7° से.ला 101.1 दाखवणारा काचेचा तापमापक 65° से.ला सुमारे एक अंश जास्त दाखवील. डिजिटल सळीला हा सरळ हिशेब लागू पडेलच असे नाही: तिच्यातील थर्मिस्टरची (तापमानाप्रमाणे विद्युतरोध बदलणाऱ्या घटकाची) चूक सरळ रेषेत वाढत नाही, आणि वायर जेथे सळीत शिरते तेथे ओल गेल्यास आकडे भरकटतात. म्हणून केवळ बर्फात खरी उतरलेली सळी 65° से.ला खरी धरू नये. दह्याच्या टप्प्यासाठी, 40° से.च्या आसपास, तापाचा डिजिटल तापमापक ताडून पाहण्यास पुरतो. त्याची मर्यादा 42-43° से.ला संपते. तबकडीच्या द्विधातू तापमापकाची दांडी खालून निदान 5-6 सेंमी. बुडावी, चूक असल्यास तबकडीमागील नट पान्याने फिरवून काटा जागेवर आणतात. लाल द्रवाचा स्तंभ तुटलेला असल्यास पडताळणीचे श्रम घेऊच नयेत. आधी तो जोडावा.

औद्योगिक उपकरणांचे काम एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत होते. देशाचे तापमान-मानक नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे. घरगुती सळीच्या किमतीपुढे असे प्रमाणपत्र क्वचितच परवडते.