गाळ सोडणं वेगळं, टाकी रिकामी करणं वेगळं

‘गुरुवारी पाणी बंद’ ही सूचना पुणेकरांना नवी नाही. खाली कारण असतं देखभाल-दुरुस्तीचं, आणि वाचणाऱ्याला वाटतं, टाक्या रिकाम्या करून घासत असतील. खरं तर जलशुद्धीकरण केंद्रातल्या निवळण टाकीतून गाळ रोजच निघतो. त्यासाठी कुणाचा नळ बंद ठेवावा लागत नाही. टाकी पूर्ण रिकामी करणं हे वर्षाकाठी एखाद्या वेळचं काम. दोन्ही वेळा व्हॉल्व्ह उघडतो, दोन्ही वेळा घाण पाणी बाहेर पडतं, म्हणून बोलताना दोन्हीला ‘टाकी साफ केली’ म्हटलं जातं. घोळ तिथेच होतो.

आधी रोजचं काम. नदीच्या पाण्यात तुरटी किंवा पीएसी (पॉलीॲल्युमिनियम क्लोराइड, तुरटीसारखंच काम करणारं रसायन) मिसळली की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून पुंजके होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. आपल्याकडे बऱ्याच केंद्रांवर दिसते ती गोल टाकी, म्हणजे क्लॅरिफ्लॉक्युलेटर. तिच्यावरचा पूल सावकाश फिरत असतो आणि त्याला जोडलेली तळाची खरवडणी गाळ मधल्या खड्ड्याकडे लोटते. फिरण्याची गती इतकी कमी, की खरवडणीचं बाहेरचं टोक मिनिटाला जेमतेम 30 सेंटीमीटर सरकतं. घाई केली तर बसलेला गाळ पुन्हा उठतो. खड्ड्यातून निघालेल्या पाइपाचा व्हॉल्व्ह उघडला की वरच्या पाण्याच्या दाबानेच गाळ बाहेर येतो, पंप लागत नाही.

व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा, हे खरं कसब. तुरटीचा गाळ म्हणजे चिखल नव्हे, पातळ पेज. शंभर लिटरमध्ये घन भाग बहुधा दोन किलोपेक्षाही कमी. एकदाच बराच वेळ व्हॉल्व्ह उघडा ठेवला तर पाणी गाळाच्या थरात भोक पाडतं आणि वरचं निवळलेलं पाणी सरळ गटारात जातं. गाळ मात्र आजूबाजूला तसाच बसलेला. म्हणून थोडा वेळ, पण वारंवार सोडायचा. धार दाट आहे तोवर चालू, पातळ दिसू लागली की बंद. पावसाळ्यात नदी लाल झाली की दोन वेळांमधलं अंतर कमी करायचं, घड्याळाकडे न बघता धारेकडे बघून.

हे टाळलं तर गाळ तळाशी कुजतो, बुडबुडे येतात, काळपट गोळे वर तरंगतात आणि निवळलेलं पाणी बाहेर पडतं त्या कडेच्या खाचांवरून थेट फिल्टरवर जातात. फिल्टर तुंबतो, तो पुन्हा पुन्हा उलट्या पाण्याने धुवावा लागतो, आणि इकडे साठलेल्या गाळाच्या ओझ्याने पुलाची मोटर ट्रिप होते. मग कुणीतरी म्हणतं, ‘टाकीच रिकामी करून टाकू.’ आणि नेमका ऑगस्ट चालू असतो.

टाकी भरलेली असते तेव्हा आतल्या पाण्याचं वजन तळ दाबून धरतं. ती रिकामी झाली आणि भोवतालचं भूजल तळापेक्षा एक मीटर वर असलं, तर प्रत्येक चौरस मीटरला एक टन दाब खालून वर लागतो. 30 सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीटचं वजन चौरस मीटरला पाऊण टन. म्हणजे तळाला आधारासाठी दुसरं काही नसेल, तर तो फुगून तडकू शकतो. 30 मीटर व्यासाच्या टाकीला हा दाब एकूण 700 टनांपर्यंत जातो. काही टाक्यांच्या तळाला दाब सोडणारे व्हॉल्व्ह असतात, पण ते गाळाने बुजलेले नाहीत हे आधी पाहायला हवं. जवळच्या विहिरीची पातळी मोजल्याशिवाय टाकी रिकामी करू नये, आणि भर पावसाळ्यात तर नकोच.

जानेवारी-फेब्रुवारी त्या मानाने बरा. नदी स्वच्छ, मागणी उन्हाळ्यापेक्षा कमी. 30 मीटर व्यास आणि 3 मीटर खोली धरली तर सुमारे 21 लाख लिटर पाणी बाहेर काढायचं असतं. ते गाळासकट ओढ्यात सोडून देणं 1974 च्या जलप्रदूषण कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतं. गाळ सुकवायच्या वाफ्यांची जागा आधी रिकामी हवी. आत उतरण्याआधी पुलाच्या मोटरची वीज तोडून, स्विचला कुलूप लावून किल्ली खिशात घ्यायची. कुजलेल्या गाळातून विषारी वायू सुटतो, म्हणून मधल्या खड्ड्यात हवा तपासल्याशिवाय आणि वर माणूस उभा केल्याशिवाय कुणालाही उतरवू नये. आतली कामं तीच, जी पाण्याखाली करता येत नाहीत: खरवडणीचे झिजलेले रबर बदलणं, गंजलेल्या लोखंडाला रंग, भिंतीच्या भेगा. खाचांची पट्टी एका पातळीत आहे का, हेही तेव्हाच नीट करावं. एक बाजू खाली असली की सगळं पाणी तिकडूनच पळतं आणि गाळही ओढून नेतं.

आता अपवाद. जुन्या चौकोनी टाक्यांना खरवडणीच नसते. तिथे गाळ काढायचा तर टाकी रिकामी करून माणसांनी ओढायचा, त्यामुळे दोन्ही कामं एकच. ‘टाकी साफ केली’ हा शब्दप्रयोग बहुधा तिथूनच आला असावा, आणि यंत्र आल्यावरही सवय तशीच राहिली.

तेव्हा ऑगस्टमध्ये पाणी गढूळ येऊ लागलं तर पहिल्यांदा जार टेस्ट (वेगवेगळ्या भांड्यांत तुरटीचं प्रमाण बदलून पाहायची चाचणी) करून तुरटीची मात्रा बघा. मग लॉगबुक उघडून गाळ शेवटचा कधी सोडला ते पाहा. बऱ्याचदा ती ओळ कोरी सापडते.