टाकळ्यातली फिनॉलिक संयुगं मोजताना

पावसाळा लागला की दादरच्या बाजारात, बोरिवली-वसईच्या स्टेशनांबाहेर टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगीच्या जुड्या दिसू लागतात. आवळ्याला, चहाला तुरटपणा आणणारी फिनॉलिक संयुगं या भाज्यांतही असतात. ती किती आहेत याचा आकडा काढणं अवघड नाही, तो खरा निघणं अवघड. आणि चूक बहुतेक वेळा यंत्रापाशी होत नाही, विळीपाशीच होते.

टाकळ्याचंच उदाहरण घेऊ. आधी ओळख पक्की हवी. टाकळ्याच्या पर्णिका (संयुक्त पानातली छोटी पानं) टोकाशी गोलसर असतात आणि त्यांच्या सहसा तीन जोड्या असतात. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या कासविंद्याच्या पर्णिका टोकदार असतात. पुढे त्याच जागेवर फुला-शेंगांची फांदी मिळाली की दाबून वाळवावी आणि शंका असेल तर मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियम या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून पाहावी.

पान चिरलं की पेशी फुटतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने फिनॉलांचं रूपच बदलतं. वांगं चिरल्यावर काळं पडतं ते यामुळेच. म्हणून पानं अख्खीच धुवावीत, पाणी टिपून घ्यावं आणि ४० ते ४५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये पातळ पसरून वाळवावीत. फ्रीझ ड्रायर, म्हणजे गोठवून वाळवणारं यंत्र, मिळाला तर फारच उत्तम. मुंबईच्या जुलैत सावलीत वाळवायला ठेवू नयेत. दमट हवेत दिवसच्या दिवस जातात, तोवर विकरं काम करत राहतात आणि बुरशीही धरते. वाळलेल्या पानांची बारीक पूड करून सिलिका जेलसोबत हवाबंद ठेवावी. तरीही ती ओल धरतेच, म्हणून थोडी पूड वेगळी काढून १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत तापवावी आणि ओलाव्याची टक्केवारी काढावी.

अर्कासाठी १ ग्रॅम पूड आणि २० मिलिलिटर ७० टक्के मिथेनॉल घ्यावं. निव्वळ मिथेनॉलपेक्षा पाणी मिसळलेलं बरं, कारण साखरेशी जोडलेली फिनॉलं त्यात चांगली उतरतात. अल्ट्रासोनिक बाथमध्ये अर्धा तास ठेवावं. बाथचं पाणी आपोआप तापत जातं, त्यात बर्फ टाकत राहावा. सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रव काढावं, चोथ्यावर हेच आणखी एकदा करावं आणि दोन्ही अर्क मिळून ५० मिलिलिटर करावेत. मिथेनॉल विषारी आहे. हा अर्क चाखून पाहायचा नाही.

मापनाला फोलिन-सिओकाल्टू पद्धत वापरतात. तिच्यात त्याच नावाचं अभिकर्मक (रासायनिक द्रावण) फिनॉलांमुळे निळं होतं आणि तो रंग किती गडद आहे हे यंत्राने मोजतात. ०.५ मिलिलिटर पातळ केलेला अर्क आणि दसपट पातळ केलेलं २.५ मिलिलिटर अभिकर्मक एकत्र करावं, पाच मिनिटांनी ७.५ टक्के सोडियम कार्बोनेटचं २ मिलिलिटर द्रावण घालावं. क्रम उलटा करू नये, अल्कलीत अभिकर्मक लवकर निकामी होतं. दोन तास अंधारात ठेवून निळा रंग ७६५ नॅनोमीटरवर वाचावा. द्रावण गढूळ झालं तर आकडा फुगतो, म्हणून आधी सेंट्रिफ्यूज करावं. गॅलिक ॲसिडची १० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरची प्रमाण द्रावणं त्याच दिवशी, त्याच बाटलीतल्या अभिकर्मकाने लावावीत.

या प्रमाण द्रावणांच्या रंगाची मापं आलेखावर मांडली की वक्र मिळतो. समजा त्या वक्रावरून ६० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आले आणि अर्क पाचपट पातळ केला होता. मग ६० × ५ × ५० म्हणजे १५,००० मायक्रोग्रॅम, अर्थात १५ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम पूड. पुडीत ८ टक्के ओल असेल तर कोरड्या वजनावर हाच आकडा १६.३ होतो.

हे अभिकर्मक क जीवनसत्त्व आणि काही प्रथिनांमुळेही निळं होतं. त्यामुळे या आकड्याला ‘एकूण फिनॉल’ म्हणताना जपून राहावं. नेमकी कोणती संयुगं आहेत हे एचपीएलसीच, म्हणजे अर्कातली संयुगं कॉलम नावाच्या नळीतून वेगवेगळी करणारं यंत्रच, सांगतं. मात्र अर्क ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळल्याशिवाय यंत्रात सोडू नये, कॉलम तुंबतो.

आता खरा प्रश्न ताटातल्या भाजीचा. रानभाजी उकडून पाणी फेकून देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. त्या पाण्यात फिनॉलं जातात, तसे इतर विद्राव्य पदार्थही जातात. म्हणून उकडलेल्या भाजीचा आकडा कोरड्या वजनावर काढला तर तो कच्च्या पानापेक्षा वाढलेलाही दिसू शकतो. अशा वेळी कच्चं पान, उकडलेली भाजी आणि फेकलेलं पाणी तिन्ही मोजावीत आणि हिशेब सुरुवातीच्या १०० ग्रॅम ताज्या पानांवर मांडावा.