चुकलेली पाळी आणि चार भावंड संप्रेरके

पाळी आठ दिवस पुढे गेली, अंग जड वाटू लागले आणि फोडणीचा वास नकोसा झाला, की घरातली अनुभवी बाई ‘दिवस गेले असतील’ असे म्हणते. त्याच तक्रारी मोबाईलवर शोधणाऱ्या मुलीला मात्र ‘हा पीसीओएस (बीज नियमित बाहेर न पडण्याचा बीजकोषांचा विकार) आहे’ किंवा ‘थायरॉइड तपासून घ्या’ असे उत्तर मिळते. दोन्ही निदाने लक्षणांच्या यादीवरून केलेली असतात आणि माझ्या मते चूक नेमकी तिथेच होते. गर्भारपणाची सुरुवात आणि संप्रेरकांचे (हार्मोन्सचे) बिघाड यांची लक्षणे सारखी दिसतात, कारण दोन्हींमागे बहुतांशी तीच संप्रेरके कमी-जास्त झालेली असतात.

दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडले, की बीजकोषातल्या त्याच्या रिकाम्या झालेल्या पुटिकेचे (पिशवीचे) रूपांतर पीतपिंडात होते आणि हा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक तयार करू लागतो. स्तन दुखणे, पोट फुगल्यासारखे वाटणे, बद्धकोष्ठ, शरीराचे तापमान किंचित वाढणे ही सारी त्याचीच कामे आहेत आणि बीज फळले असो वा नसो, ती होतातच. म्हणून पाळीच्या आधीचा आठवडा आणि गर्भारपणाचा पहिला आठवडा यांतला फरक स्त्रीला स्वतःच्या अंगावरून ओळखता येत नाही. पीतपिंडाचे आयुष्य सुमारे 14 दिवसांचे असते. तो सुकला, की प्रोजेस्टेरॉन घसरते, गर्भाशयाचे अस्तर सुटते आणि पाळी येते. गर्भ राहिला असेल तर मात्र, बीज बाहेर पडल्यानंतर साधारण 6 ते 12 दिवसांनी तो अस्तरात रुजतो आणि त्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक आईच्या रक्तात सोडू लागतात. हे संप्रेरक पीतपिंडाला सुकू देत नाही, आणि म्हणूनच पाळी चुकते.

या एचसीजीची रचना मला फार विलक्षण वाटते. त्याच्या रेणूत अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्या असतात. अल्फा साखळी 92 अमिनो आम्लांची असून तीच साखळी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीतून येणाऱ्या एलएच, एफएसएच (ही दोन्ही बीजकोषांना चालना देणारी) आणि टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे) या तीन संप्रेरकांतही असते. या चार भावंडांची ओळख पटते ती बीटा साखळीवरून. पण एचसीजीची बीटा साखळी एलएचच्या साखळीशी इतकी मिळतीजुळती आहे, की दोन्ही संप्रेरके पेशीवरच्या एकाच ग्राहीला (संप्रेरकाचा संदेश टिपणाऱ्या रेणूला) जाऊन चिकटतात. फरक असा, की एचसीजीच्या साखळीला शर्करारेणूंनी लगडलेले एक जादा शेपूट असते, आणि त्यामुळे एलएच रक्तातून लवकर नाहीसे होत असताना एचसीजी दिवसभराहून अधिक टिकून राहते. आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास त्याचे प्रमाण इतके वाढते, की ते टीएसएचच्या ग्राहीलाही थोडेफार चेतवते. थायरॉइड ग्रंथी मग थोडी जास्त काम करते, पीयूषिका टीएसएच कमी सोडते आणि रक्ततपासणीत टीएसएच कमी दिसते. धडधड, थकवा आणि उकाडा यांसोबत तो अहवाल पाहिला, तर निरोगी गर्भवतीलाही थायरॉइड वाढल्याचा शिक्का बसू शकतो.

भावंडांच्या या साधर्म्याने शास्त्रज्ञांनाही बराच काळ अडवले होते. बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी 1928 मध्ये मांडलेल्या चाचणीत स्त्रीची लघवी कोवळ्या उंदरांच्या माद्यांना टोचून नंतर त्यांची बीजकोषे तपासावी लागत. पुढे प्रतिपिंडांवर (अँटीबॉडींवर) आधारित चाचण्या आल्या, पण त्याही एलएच आणि एचसीजी यांत गल्लत करत. 1972 मध्ये अमेरिकेत वैटुकाइटिस, ब्राउनस्टाइन आणि रॉस यांनी केवळ एचसीजीची बीटा साखळी हेरणारी रक्तचाचणी प्रसिद्ध केली आणि हा प्रश्न सुटला. आज औषधाच्या दुकानात मिळणारी पट्टी, किंवा आशा कार्यकर्तीकडे असणारे ‘निश्चय’ किट, याच तत्त्वावर चालते. लघवीत साखर, मीठ किंवा टूथपेस्ट टाकून गर्भ ओळखण्याच्या ज्या चित्रफिती फिरतात, त्यांना कोणताही आधार नाही. टूथपेस्टमधल्या कॅल्शियम कार्बोनेटवर आम्लधर्मी लघवी पडली की फेस येतो, आणि तो पुरुषाच्या लघवीनेही येतो.

पट्टीवर एकच रेघ उमटली, तरी लगेच निष्कर्ष काढू नये. सुरुवातीला एचसीजी साधारण दर दोन दिवसांनी दुप्पट होते. त्यामुळे आज न सापडलेले संप्रेरक आठवड्याने पुन्हा तपासल्यावर सापडू शकते. पीसीओएसमध्ये बीज बाहेर पडण्याचा काळच अनिश्चित असल्याने तिथे ही दुसरी तपासणी अधिक महत्त्वाची ठरते. ‘माझी पाळी नेहमीच चुकते’ म्हणून गर्भाची शक्यता सोडून देणाऱ्या स्त्रियांची मला खरोखर काळजी वाटते, कारण गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत बाळाची मज्जानलिका (जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात) मिटलेली असते आणि फोलिक आम्लाची गरज त्याच काळात सर्वांत जास्त असते.

दुसरी तपासणीही नकारार्थी आली, तर शोध संपत नाही. अनेक वर्षांची अनियमित पाळी, हनुवटीवरचे राठ केस, हट्टी मुरुमे आणि मानेवरचा काळसर पट्टा हे पीसीओएसकडे बोट दाखवतात. स्तनांतून दूध येऊ लागले, की गर्भ राहिल्याची समजूत होते. पण मूल अंगावर पीत नसताना दूध येणे आणि पाळी थांबणे ही जोडी बहुधा प्रोलॅक्टिन (दूध तयार करवणारे संप्रेरक) वाढल्याची खूण असते. थायरॉइड मंदावली, की मेंदू तिला जागवण्यासाठी टीआरएच नावाचे संप्रेरक जास्त सोडतो, आणि हेच टीआरएच प्रोलॅक्टिनही वाढवते. पित्तावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या पॅन्टोप्राझोल-डॉम्पेरिडोनच्या गोळीतले डॉम्पेरिडोनही तेच करते. म्हणून डॉक्टरांना सांगताना चालू असलेली प्रत्येक गोळी सांगावी आणि टीएसएच व प्रोलॅक्टिन या दोन्ही तपासण्यांबद्दल विचारावे.

आणि दोन रेघा उमटल्या तरी पट्टी फक्त एचसीजी असल्याचे सांगते. गर्भ कुठे रुजला आहे हे तिला कळत नाही. तो बीजवाहिनीत रुजला असला तरी रेघा दोनच येतात. तेव्हा ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ, रक्तस्राव, खांद्याच्या टोकाशी दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे यांपैकी काहीही झाले, तर सकाळची वाट न पाहता सोनोग्राफी आणि शस्त्रक्रिया यांची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच वेळी पोचावे.