तांदूळ विक्रमी पिकला, तरी भाव तिप्पट कसा झाला?

धान्य महागले की पीक बुडाले असणार, असे आपण धरून चालतो. 2007-08 मध्ये जगात तांदळाचे विक्रमी उत्पादन झाले. तरीही थायलंडचा तांदूळ टनाला सुमारे 330 डॉलरवरून काही महिन्यांत हजाराच्या वर गेला.

सुरुवात गव्हाने केली. परदेशी गहू कडाडला, म्हणून घरचा तांदूळ राखायला भारताने ऑक्टोबर 2007 पासून बिगर-बासमतीची निर्यात आवळली आणि एप्रिलमध्ये ती पूर्ण बंद केली. व्हिएतनामनेही नवे सौदे थांबवले.

खरी मेख इथे आहे. तांदूळ बहुतेक पिकतो तिथेच खाल्ला जातो. शंभर पोती पिकली तर त्या काळी जेमतेम सात देशाबाहेर जात. त्या सातांतले एक अडवले, तर उत्पादनाच्या दृष्टीने 1 टक्का, पण बाजारातला 14 टक्के माल गेला. समजा, भाव 10 टक्के चढला तरी आयातदार 2 टक्केच खरेदी घटवतात, कारण भात टाळता येत नाही. मग 14 टक्के मागणी घटायला भाव 70 टक्के चढावा लागतो.

त्यात धास्तीची भर. जगाचा वार्षिक खप साधारण 43 कोटी टन. प्रत्येक घराने आठवड्याचा तांदूळ जादा भरून ठेवला तर 80 लाख टन लागतात, म्हणजे तेव्हाच्या 3 कोटी टन व्यापाराच्या चौथाईहून जास्त! फिलिपिन्स सरकार तर लाखो टनांच्या निविदा काढत होते. प्रत्येक निविदेने भाव आणखी चढे.

भारतीय चांगले खाऊ लागले म्हणून महागाई वाढली, असे तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षांनीही सुचवले. पण चार-सहा महिन्यांत कुणाची भूक तिप्पट होत नाही.

उतारा जपानकडे होता. व्यापार करारामुळे घ्यावा लागलेला, बराचसा अमेरिकेचाच, सुमारे 15 लाख टन परदेशी तांदूळ त्याच्या गोदामांत पडून होता. तो बाहेर विकायला अमेरिकेची हरकत नाही, हे मे 2008 मध्ये कळले आणि पोते हलण्याआधीच भाव उतरू लागले.

20 जुलै 2023 ला भारताने पांढऱ्या बिगर-बासमतीवर पुन्हा बंदी घातली, तेव्हा जागतिक व्यापारातला सुमारे 40 टक्के तांदूळ आपला होता. मात्र उकड्यावर बंदी नव्हती, पुढे 20 टक्के शुल्क लागले. गरजू देशांच्या सरकारांनी मागितल्यास कोटा देण्याची सोयही ठेवली होती. भाव चढला, पण या सवलतींमुळेही तो 2008 च्या उंचीला पोचला नाही.